अडकणारा स्फटिक, अडकणारा खडक

“ही तर आमची धुंदलवाडी!”

लॅपटॉपवरचा आलेख पाहून मामा एवढंच म्हणाले आणि भाचीनं कपाळावर हात मारून घेतला. आलेख धुंदलवाडीचा नव्हता, भूकंपाचाही नव्हता. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी अरुंद चरातून, एक केल्विनच्याही खालच्या तापमानाला सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या स्फटिकाचा तो आलेख होता. विद्युतप्रवाह थोडा वेळ संथ, मग एकदम उसळी, पुन्हा संथ, पुन्हा उसळी. डेव्हिड रीस, किमितोशी कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडक-घसर चाल २०१६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडली. भाची मुंबईत अतिशीत तापमानाच्या भौतिकीत संशोधन करते, त्यामुळे तिला ती तोंडपाठ. मामा तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना तो आलेख नवा होता, पण त्याची लय नवी नव्हती.

ती लय डहाणू-तलासरीच्या शिवेवर राहणाऱ्या कोणालाच नवी नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, दापचरी, वंकास या पट्ट्यात जमीन हलायला लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवशी धक्क्यांवर धक्के बसले. त्यांतला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा. लोक थंडीत घराबाहेर झोपले, तंबू आले, शाळा झाडाखाली भरल्या. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, दोघांनीही यंत्रं आणून बसवली. एक मोठा भूकंप आणि मागून त्याची लहान पिलावळ, असा नेहमीचा क्रम इथे नव्हता. लहान-मध्यम धक्क्यांची नुसती झुंड होती. मामांनी पहिल्या आठवड्यापासून एका वहीत तारीख, वेळ आणि ‘भांडी वाजली’, ‘नुसताच गडगडाट’ असे शेरे लिहून ठेवलेत.

“आता मला सांग,” मामा म्हणाले, “तुमचे लोक हा झटका कमी-जास्त करू शकतात?”

“झटक्यांची वारंवारता बदलता येते. तापमान बदलून, इलेक्ट्रॉनांची दाटी बदलून किंवा त्यांना खाली दाबणारं विद्युतक्षेत्र बदलून.”

“म्हणजे तीन कळा फिरवल्या की झटका केव्हा येणार ते कळतं. मग आम्हाला का नाही कळत?”

वाद सुरू झाला तो इथून. या वादात एक उलटापालट आहे, ती आधीच सांगून टाकतो. अशा जोडीत वयस्क गावकरी शंका घेणार आणि तरुण शास्त्रज्ञ उत्साहानं साम्यं दाखवणार, असं वाटतं. इथे साम्याचा मोह मामांना होता आणि ते मोडून काढायची घाई भाचीला.

तिनं आधी स्फटिक म्हणजे काय ते सांगितलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. दाटी आणि ऊब असली की त्यांची धावपळ वरचढ ठरते. त्यांना पुरेसं विरळ आणि थंड केलं तर ढकलाढकली वरचढ ठरते. जो तो शेजाऱ्यांपासून होईल तेवढा लांब राहायला बघतो आणि सगळेच तसं करू लागले की आपोआप नियमित जाळी तयार होते. अणू नाहीत, बंध नाहीत, तरी स्फटिक! युजीन विग्नर यांनी हे भाकीत १९३४ मध्ये केलं. ते डोळ्यांसमोर यायला पंचेचाळीस वर्षं लागली. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चार्ल्स ग्राइम्स आणि ग्रेगरी अ‍ॅडम्स यांनी द्रवरूप हेलियमच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन पसरले. दर चौरस सेंटिमीटरला चाळीस कोटींच्या वर इलेक्ट्रॉन, म्हणजे दोन शेजाऱ्यांत साधारण अर्ध्या मायक्रॉनचं अंतर. तापमान ०.४५७ केल्विनच्या खाली उतरलं आणि त्रिकोणी जाळी जमल्याची खूण मिळाली.

“हेलियमच का?”

“हेलियमचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉनला किंचित ओढतो, पण आत घेत नाही. तो वर दहा-एक नॅनोमीटरवर तरंगत राहतो. आणि हेलियम २.१७ केल्विनखाली अतिप्रवाही होतं. त्यात कचरा नाही, खडबडीतपणा नाही. जगात याहून स्वच्छ जमीन सापडणार नाही.”

हेलियमचं नाव निघाल्यावर मामांनी विजयदुर्ग काढला. हेलियमचा शोध आपल्या कोकणात लागला, किल्ल्याजवळ ‘साहेबाचे कट्टे’ अजून आहेत, दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो. भाचीनं इथेही त्यांना सोडलं नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, फ्रान्सच्या यान्सेननी ते गुंटूरहून पाहिलं, हे खरं. पण ज्या साहेबाचे ते कट्टे, ते नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच टिपली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. “दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप खरी होत नाही, मामा. धुंदलवाडीचंही तेच चाललंय तुमचं.”

हा टोला मामांना लागला, पण ते गप्प बसले नाहीत. जमीन एवढी गुळगुळीत आहे तर स्फटिक अडकतो कशाला, असा त्यांचा सवाल होता. माझ्या मते त्या दुपारचा सर्वांत चांगला प्रश्न हाच.

स्फटिक अडकतो तो स्वतःच्याच करणीनं. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या खाली हेलियमचा पृष्ठभाग जरासा दबतो. एकाच जागी रात्रभर झोपलेल्या माणसाखाली कापसाची गादी दबते, तसा खळगा पडतो. फक्त हा खळगा अणूच्या आकारापेक्षाही उथळ असतो. जाळी जमलेली नसताना इलेक्ट्रॉन इकडेतिकडे पळत असेल तर खळगा धरतच नाही. स्फटिकात मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून खळग्यांचीही जाळी बनते आणि इलेक्ट्रॉनांची जाळी तिच्यात बसते. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. विस्कळीत इलेक्ट्रॉन सहज वाहतात, तर रांगेत बसलेल्यांना हलवणं जड जातं.

आता त्याला ढकला. स्फटिक खळगे बरोबर घेऊन निघतो. हेलियमवर बारीक पृष्ठतरंग उठतात. इलेक्ट्रॉन समान अंतरावर असल्यामुळे एका ठरावीक वेगाला प्रत्येकानं उठवलेला तरंग शेजाऱ्याच्या तरंगात बरोबर मिसळतो. बेरीज होते, खळगे आणखी खोल होतात. ढकलणं वाढवलं तरी वेग वाढत नाही. सगळं बळ खळगे खोल करण्यात जातं. ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’सारख्या अणुभट्टीच्या पाण्यात जी निळी प्रभा दिसते, तिच्या मागच्या चेरेन्कॉव्ह परिणामाचा हा चुलत भाऊ. तिथे पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगाला मागे टाकणारे कण प्रकाश सांडतात, इथे तरंगाचा वेग गाठणारा स्फटिक तरंग सांडतो. चौरस सेंटिमीटरला शंभर कोटी इलेक्ट्रॉन धरले तर हा अडवणारा वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास येतो.

आणि जोर एका मर्यादेपलीकडे गेला, की स्फटिक खळग्यांतून निसटतो. वेग एकदम वाढतो. पुढे जोर ओसरला की नवे खळगे, नवी अडकण. चरातल्या आलेखातली ती उसळी म्हणजे हे निसटणं.

“बघ,” मामा खुर्चीत पुढे सरकले, “तूच सगळं म्हणालीस. जोर साठत जातो. पकड टिकते तोवर टिकते. मग एकदम सुटते, पुन्हा पकडते. खडकांचं वेगळं काय? ब्रेस आणि बायर्ली यांनी १९६६ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलंय की भूकंप म्हणजे भेगेच्या दोन बाजूंची अडक-घसर. दुसऱ्याच वर्षी बरिज आणि नोपॉफ यांनी स्प्रिंगांनी जोडलेले ठोकळे खरबरीत पृष्ठभागावर ओढून भूकंपाचं मॉडेल केलं. तुमचे इलेक्ट्रॉन म्हणजे तेच ठोकळे, आणि त्यांचं एकमेकांना ढकलणं म्हणजे स्प्रिंग.”

“आणि त्याच वर्षी, ११ डिसेंबरला, कोयना झाला. त्या मॉडेलनं कोयनेला काय सांगितलं?”

“तेव्हा कोणाकडे तुझा आलेख नव्हता.”

भाची हसली, पण आता तिनं नेट लावला. तिचा मुख्य मुद्दा एका शब्दाचा होता: एक. चरातला स्फटिक एक असतो. काही मायक्रॉन रुंदीच्या चरात हेलियम केशाकर्षणानं आपण होऊन चढतं, दोन्ही टोकांना विद्युतअग्रं असतात आणि मधले इलेक्ट्रॉन मिळून एक देह होतात. खळगे सगळे एकसारखे, म्हणून सुटायची वेळही सगळ्यांची एकच, आणि म्हणून झटक्यांना ठरावीक ताल असतो. भूकंपाला ताल नसतो. तीव्रता एकानं कमी केली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते, हा गुटेनबर्ग-रिश्टर नियम. यात कुठलाही एक आकार, कुठलीही एक वारंवारता खास नाही. खडकातली भेग मीटरला वेगळी, किलोमीटरला वेगळी. एक ठिगळ सुटतं आणि शेजारचं त्यामुळेच आवळतं.

तालावर विश्वास ठेवल्यावर काय होतं याचं तिनं उदाहरणही दिलं. कॅलिफोर्नियातलं पार्कफील्ड. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ अशा सालांत जवळपास सारखे भूकंप झाले होते. बावीसेक वर्षांचा ताल दिसत होता. शास्त्रज्ञांनी पुढचा १९९३ च्या आत येईल असं मांडलं, शेतांमध्ये यंत्रांचं जाळं उभारलं आणि वाट पाहिली. तो आला २००४ च्या सप्टेंबरमध्ये. “जगातल्या सर्वांत तालबद्ध भेगेनं अकरा वर्षांचा चकवा दिला. आणि तुम्ही झुंडीला ताल विचारताय!”

इथे मामांची बाजू पडली, असं प्रामाणिकपणे म्हणायला हवं. तारीख सांगण्याच्या आशेवर पार्कफील्डनंतर फारसं काही उरत नाही. पण मामा मुळात तारखेसाठी भांडत नव्हते, हे हळूहळू उघड झालं. त्यांना त्या तीन कळांमधली एक हवी होती.

“मला ती दाबणारी कळ सांग. क्षेत्रानं इलेक्ट्रॉन खाली दाबले तर?”

“खळगे खोल होतात. पकड वाढते.”

“खडकातही दाब वाढला की पकड वाढते. आणि भेगेत पाणी शिरलं की?”

भाचीला थांबावं लागलं. भेगेतलं पाणी दोन्ही बाजूंना रेटतं, त्यामुळे खडकांना एकमेकांवर धरून ठेवणारा दाब तेवढा कमी होतो आणि पकड सैल पडते. पालघर जिल्ह्यातल्या या झुंडीमागे पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरणं, हे शास्त्रज्ञांनी मांडलेल्या कारणांपैकी एक आहे. त्यात अशक्य काही नाही. डहाणू-तलासरीच्या खाली दख्खनचा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, ठिकठिकाणी फाटलेला आणि त्या फटींत पुन्हा लाव्हा भरलेला. याच किनारपट्टीच्या मागे सातिवली, कोकनेर, अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे पाणी खोल जाऊन तापून परत वर येण्याच्या वाटा आहेत. कोयनेला तर जलाशय भरण्या-उतरण्याशी धक्क्यांचं नातं हर्ष गुप्ता आणि इतरांनी अनेक दशकं अभ्यासलंय. ठाणे जिल्ह्यात भातसा धरण भरत असताना १९८३ मध्ये खर्डीच्या बाजूला असेच धक्के बसले होते.

“म्हणजे आमच्याकडेही कळ आहे,” मामा म्हणाले. “फक्त ती आमच्या हातात नाही, पावसाच्या हातात आहे.”

“तुम्हाला साम्य हवंच असेल,” भाची जरा नाइलाजानं म्हणाली, “तर हेलियम सोडा. कुलाब्याला चला.”

डहाणू रोडहून लोकलनं चर्चगेट, पुढे कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे द्रवरूप हेलियम रोजच्या वापरातलं. तिथल्या प्रताप रायचौधुरींच्या गटानं मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ पापुद्र्यात चुंबकीय भोवऱ्यांची जाळी कशी वितळते ते २०१९ मध्ये दाखवलं. अतिवाहक पदार्थात चुंबकीय क्षेत्र शिरतं ते बारीक भोवऱ्यांच्या रूपानं. हे भोवरेही एकमेकांना ढकलतात आणि त्रिकोणी जाळीत बसतात. म्हणजे नातं इलेक्ट्रॉन-स्फटिकाशी थेट आहे. फरक एवढाच की हेलियम निर्मळ असतं, तर अतिवाहकात दोष असतात, आणि भोवरे त्या दोषांना चिकटतात. पुढे याच संस्थेचे संचालक झालेले शोबो भट्टाचार्य यांनी मार्क हिगिन्स यांच्याबरोबर १९९३ मध्ये नायोबियम डायसेलेनाइडमध्ये पाहिलं होतं की ढकलल्यावर सगळी जाळी एकसंध हलत नाही. काही पट्टे वाहतात, काही जागीच राहतात, आणि मधली जाळी फाटते.

“हे खडकासारखं आहे,” ती म्हणाली. “तुमची धुंदलवाडी शोधायची तर इथे, त्या सुंदर आलेखात नाही.”

मामांचा चेहरा एकदम खुलला आणि आपण काय करून बसलो ते भाचीच्या लक्षात आलं. साम्य मोडायला निघालेल्या मुलीनं जास्त चांगलं साम्य हातात दिलं होतं. पण तिच्या आधीच्या हट्टामागे कारण होतं. चरातला स्फटिक मौल्यवान आहे तो नेमका भूकंपासारखा नसल्यामुळे. चराची रुंदी विद्युतदाबानं हळूहळू बदलत नेली की इलेक्ट्रॉनांच्या रांगा एक, दोन, तीन अशा वाढतात. रांगा रुंदीत नेमक्या बसतात तेव्हा स्फटिक घट्ट. दोन रांगा जास्त सैल आणि तीन अजून मावत नाहीत अशा अधल्यामधल्या रुंदीला तो वितळतो, आणि रुंदी आणखी वाढली की पुन्हा गोठतो. हिरोकी इकेगामी, कोनो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचा पुरावा दिला. तापमान तेच ठेवून नुसत्या भिंती सरकवून वितळवणं-गोठवणं! खडकात असा प्रयोग कोण करणार? एकेक कारण सुटं करून पाहायची सोय हेच त्या चराचं काम, आणि त्याला भूकंपाचं खेळणं म्हटलं की ते हरवतं, अशी तिची तक्रार. मला ती पटते. मामांना पटली का, ते सांगता येत नाही; ते एव्हाना वही उघडून बसले होते.

“हे माझे धक्के,” ते म्हणाले. “आता पाण्याचा रकाना कुठून आणू?”

“भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चारदा पातळी घेतात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे.”

“मग १ फेब्रुवारी २०१९ चे धक्के जानेवारीच्या पातळीसमोर लिहू की मार्चच्या?”

“कुठेच नाही. म्हणून म्हणते, या दोन रकान्यांतून काही काढायला जाऊ नका.”

“शाळेच्या विहिरीत मी रोज दोर सोडीन.”

“शाळेची विहीर किती, तीस-चाळीस फूट? भेग सरकते ती कित्येक किलोमीटर खाली. तुमच्या विहिरीतलं पाणी तिथे पोचायला किती महिने लागतील, पोचेल की नाही, यातलं काहीच त्या दोरानं कळणार नाही.”

“पावसाळ्यानंतर किती महिन्यांनी धक्के वाढतात, एवढं तर दिसेल. पाचसहा वर्षांचं एकत्र केलं तर.”

भाचीनं वही ओढून घेतली, चार पानं चाळली. शेऱ्यांवर ती काही बोलली नाही, पण वेळा नीट लिहिलेल्या होत्या, मिनिटापर्यंत. तिनं मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारायला घेतल्या: तारीख, वेळ, पातळी, पाऊस. मग जरा थांबून पाचवी रेघ ओढली. “इथे पंप चालू होता की बंद ते लिहा. शेजारच्या वाडीला पाणी दिलं की विहीर दोन हात खाली जाईल आणि तुम्ही त्याचा भूकंप कराल.”